रोहितांची पावलं

पालीच्या धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात हरभरा पेरायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. तिला गाळपेर म्हणतात. यंदा हरभरा नुकता दोन पानांवर आला, तोच उथळ पाण्यात पन्नासेक उंच, गुलाबी पंखांची पाखरं उतरली.

दुसऱ्या सकाळी सुंदररावांच्या हरभऱ्याच्या चार ओळी उपटलेल्या. ते फटाक्यांची पिशवी घेऊनच काठावर आले. मी शाळेतल्या मुलांना पाखरं दाखवायला घेऊन आलो होतो.

"करकोचे मेले! एक माळ लावली की बीडच्या पल्याड पळतील."

सातवीतली करिष्मा पुढं झाली. "काका, थांबा. करकोचे न्हाईत ते. रोहित हायत, फ्लेमिंगो म्हनतात ते."

"तुला काय ठावं गं?"

"आमी ऊस तोडायला गेलतो तवा उजनी धरनाच्या कडंला आमची ऱ्हायची पाचटाची कोपी होती. तीन वर्सं रोज बगितलेत."

"मग माझा हरभरा काय मास्तरांनी खाल्ला?"

पोरं खिदळली. करिष्मा चपला काढून चिखलात उतरली.

"हितं या. हे रोहिताचं पाऊल. बदकावानी बोटं जोडलेली. आन् हे तुमच्या वळीतलं. बोटं मोकळी. हे करकोच्याचं. रोहित दाणा खातच न्हाई, मुंडकं उलटं करून चिखलातलं बारीक किडं गाळून खातो. फटाका वाजला तर रोहित परत येनार न्हाईत, काका."

सुंदरराव वाकले. जोडलेल्या बोटांचा एक तरी ठसा सापडतो का, म्हणून चारही ओळी पालथ्या घातल्या. सापडला नाही.

"मग करकोच्यांचं काय करू, मास्तर?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

"पहाटं येतात ते," करिष्मा म्हणाली. "मानूस उभं दिसलं की उतरत न्हाईत."

त्या दिवसापासून सुंदरराव पहाटे घोंगडी पांघरून शेतात उभे राहू लागले. हरभरा वाचला. रोहितही राहिले.

रविवारी मांजरसुंब्याहून दोघं मोटारसायकलवर आले. एकानं पाखरं उडवायला दगड उचलला, तसे सुंदरराव ओरडत धावले.

"टाक बे खाली!"

"करकोचे तर हायत."

"डोळे फुटले का? रोहित हायत ते! आमच्या करिष्मानं पारखलेत. उसाच्या फडावर शिकून आलीय पोरगी."