डोक्यावर कोथिंबीर, पोटात ससा

मित्रांनो, मी एक जुने जाळीचे कपाट आहे. सागवानी चौकट, बाजूंना तारेची जाळी, पुढे दार आणि दाराला बाहेरून कडी. कसबा पेठेतल्या महिपती सुताराने मला अनंतराव आणि कुसुमताई यांच्या नव्या संसारासाठी बनवले. फ्रीज ही तेव्हा बड्या लोकांची चैन होती. दूध, लोणी, उरलेली भाजी सगळे माझ्या पोटात असे. मुंग्या चढू नयेत म्हणून माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे. गल्लीतल्या मांजरांनी माझ्यापुढे हात टेकले होते. "या कपाटाच्या भरवशावर मी माहेरी जाते," असे कुसुमताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ते ऐकून मी फुगून जाई. पावसाळ्यात तर खरोखरच फुगे आणि दार लागत नसे.

मग फ्रीज आला. मग धायरीचा फ्लॅट आला आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्या आत रद्दी आणि वाळलेले रंगाचे डबे भरले. कुसुमताई गेल्या, त्यानंतर माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. अनंतरावांनी मला विकू मात्र दिले नाही. रद्दीवाल्याने एकदा विचारले, तर म्हणाले, "कपाट विकायचं नाही. तुमचा तराजू विकायचा असेल तर सांगा." त्यांच्या बोलण्याची तऱ्हाच तशी.

गेल्या महिन्यात मला अचानक घासूनपुसून घरात घेतले. अनंतरावांची कॉलेजात जाणारी नात अपूर्वा हिचा एक पांढरा ससा आहे. त्याचे नाव चिरमुरा. वयात आल्यापासून त्याने ताळतंत्र सोडले होते. सोफ्यावर मुतावे, सगळ्यांच्या पायांभोवती गरगर फिरावे आणि चावावे. म्हणून डॉक्टरांनी त्याची नसबंदी केली. टाके भरेपर्यंत त्याने उड्या मारता कामा नये. तेव्हा माझ्या मधल्या फळ्या काढल्या, तळाशी मऊ टॉवेल अंथरला आणि दुपारी चिरमुऱ्याला माझ्या आत ठेवले.

मी मनातून नाराज झाले. आयुष्यभर मी जिवंत प्राण्यांना बाहेर ठेवले, आणि आता एक जिवंत प्राणी आत! पण मला कोण विचारतो?

अपूर्वाचे त्या दिवशी प्रॅक्टिकल होते. तिने माझ्या चौकटीला एक चिठ्ठी चिकटवली आणि वाचूनही दाखवली. "भूल उतरली की लगेच गवत आणि कोथिंबीर. अजिबात उपाशी ठेवायचं नाही. चारपर्यंत खाल्लं नाही तर मला फोन. आजोबा, एवढं कराल ना?"

"मला वाचता येतं," आजोबा म्हणाले. ती गेली.

आजोबांनी चष्मा लावून चिठ्ठी पुन्हा वाचली. "ऑपरेशनवरून आल्या आल्या कोथिंबीर! डॉक्टर आहे का भेळवाला?"

त्याचे कारण असे, की गेल्या वर्षी त्यांचे स्वतःचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. वारा सरेपर्यंत तोंडात काही घालायचे नाही, असे तिथे बजावले होते. यांनी शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडून चोरून अर्धा कप चहा घेतला. मग संध्याकाळभर उलट्या झाल्या आणि प्रत्येक उलटीला टाके ओढले गेले. ते दुखणे शत्रूच्याही वाट्याला येऊ नये, असे ते अजून सांगतात. चिरमुरा तर शत्रू नव्हता. त्यांनी अपूर्वाने आत ठेवलेले गवत आणि कोथिंबीर बाहेर काढली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि कडी लावली. समोर खुर्ची टाकून बसले. "वारा सरू दे बेट्या. मग मी स्वतः भरवतो."

मित्रांनो, त्या दुपारी माझ्याइतके अडकलेले कोणी नसेल. चिठ्ठी माझ्या गालावर, कोथिंबीर माझ्या डोक्यावर आणि उपाशी जीव माझ्या पोटात. कडी माझी, पण ती मला उघडता येत नव्हती.

गुंगी उतरली तसा चिरमुरा जाळीला नाक लावून वास घेऊ लागला. वास वरून येत होता. त्याने मान वर केली आणि तशीच ठेवली. मग तो माझी चौकट कुरतडू लागला. महिपतीने रंधा मारून आरशासारखी केलेली ती कड! मला राग आला. थोड्या वेळाने कुरतडणे थांबले आणि मग मला भीती वाटली. तो पाठ वाकवून कोपऱ्यात बसला होता. दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज येत होता. आजोबांना वाटले, शहाण्यासारखा बसलाय. चार वाजून गेले.

साडेपाचला अपूर्वा आली. "आजोबा, हे गवत वर का आहे?"

"अजून त्याचा वारा..."

"अहो, सशाचं तसं नसतं. पोट रिकामं राहिलं की आतडं बंद पडतं. मग ससा वाचत नाही."

आजोबांनी उठून माझी कडी काढली. अपूर्वाने कोथिंबीर चिरमुऱ्याच्या नाकाशी धरली. त्याने तोंड फिरवले. डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "दुखण्याचं औषध द्या. खाणं भिजवून सिरिंजने थोडं थोडं भरवा. सकाळपर्यंत लेंडी पडली नाही तर ताबडतोब घेऊन या."

आजोबांनी त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले. अपूर्वा ओठाच्या कडेने थेंब थेंब सोडत होती. अर्धे बाहेर येत होते. "माझं चुकलं रे," आजोबा सशाला म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. कुसुमताईंच्या वाट्याला ते कधी आले नव्हते.

मग पुन्हा कडी लागली. रात्र मी त्याला पोटात धरून काढली. दुसरे काय करणार?

उजाडताच आजोबा माझ्यासमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी टॉवेल चाचपला. हाताला लागल्या त्या पाच बारीक, वेड्यावाकड्या लेंड्या. आजोबांनी त्या तळहातावर घेतल्या आणि हाक मारली, "अपूर्वा, ऊठ. सरला वारा."

चिरमुऱ्याने कोथिंबिरीची एक काडी ओढली. मग वळून पुन्हा माझी तीच कड कुरतडायला घेतली. मला विकू न देणारे आजोबा म्हणाले, "कुरतड बाबा, घरचंच आहे."

टाके भरल्यावर आजोबांनी पेचकस आणला, माझ्या बिजागऱ्या काढल्या आणि दार गॅलरीत नेऊन ठेवले. आता मला दार नाही. दाराशिवाय मला कपाट म्हणायचे का, हे मलाही ठाऊक नाही. पण घरभर हुंदडून झाले की चिरमुरा आपण होऊन माझ्याच पोटात येऊन झोपतो.

मित्रांनो, तुमचे दुखणे तुमचे असते आणि मुक्या जिवाचे त्याचे असते. त्याचे दुखणे जाणणारा जे सांगतो, ते ऐका. आणि दार लावायची वेळ आली, तर आधी त्याचे खाणे आत ठेवा, मग कडीला हात लावा.