पुरे म्हणणारा डबा

कावेरीबाईंच्या पंगतीतून माणूस आपल्या मर्जीनं उठला, असं जळकोट तालुक्यात कुणी सांगितलं तर ऐकणारा आधी हसेल. ताटावर हात आडवा धरा नाहीतर हात जोडा, बाई वाढायचं ते वाढणारच. मागच्या अधिक महिन्यात उमरीच्या जावयानं, शेषेरावांनी, पुरणाचे अकरा धोंडे खाल्ले होते आणि पुढचे दोन दिवस सलाईनवर काढले होते. बाईंना त्याचं वाईट वाटलं होतं. अकराच खाल्ले, याचंही वाटलं होतं.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, आणि नेमकं तेव्हाच सुनेनं, शिवकन्येनं, शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या खोलीत, अंडी उबवायचं मशीन मांडलं. तिथं विजेची लाईन नव्हती. म्हणून पत्र्यावर सोलरचं पॅनल, खाली बॅटरी, आणि दोघांच्या मध्ये भिंतीवर तळहाताएवढा एक डबा. मशीनमध्ये साठ अंडी होती, सगळी बाईंच्या गावरान कोंबड्यांची. सून पहिल्यांदाच स्वतःचं काही करत होती आणि ते साधावं असं बाईंना जिवापासून वाटत होतं. रोज सकाळी त्या मशीनला कान लावून बसत.

एकोणिसाव्या दिवशी शिवकन्या गूळ आणि हरभऱ्याची डाळ आणायला जळकोटला गेली. बाई राखणीला थांबल्या. अकराच्या सुमारास डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे बॅटरी भरली, आता डबा पॅनलची वीज अडवणार, हे सुनेनं सांगितलं होतं. बाईंना ते कधीच पटलं नव्हतं. बाहेर मे महिन्याचं ऊन फुकट चाललेलं, अजून दोन रात्री निभवायच्या, आणि हा एवढासा डबा पुरे म्हणतो? पुरे म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, हा तर त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता. त्यांनी चाकूच्या टोकानं डब्याचे स्क्रू ढिले केले, पॅनलच्या दोन्ही वायरी काढल्या आणि सरळ बॅटरीला जोडल्या. लाल लालला, काळी काळीला. सुनेला जोडताना त्यांनी पाहिलं होतं.

थोड्या वेळानं बॅटरी गुडगुडायला लागली. जेवतेय बिचारी, असं म्हणून बाई समाधानानं भिंतीला टेकल्या.

दीडला शिवकन्या आली ती नाकाला पदर लावूनच. खोलीत आंबट, घशाला झोंबणारा वास भरला होता आणि बॅटरीला हात लावता येत नव्हता. तिनं दार-खिडकी सताड उघडली, शिडीवरून चढून पॅनलवर गोधडी टाकली आणि वास ओसरल्यावर बॅटरीच्या सगळ्या वायरी सोडवल्या. मशीन बंद झालं.

"आत्याबाई, ह्ये कुणी केलं?"

"मीच. ती खाऊन राहिली होती गं."

"खाऊन न्हाई, उकळून राहिली होती. आतलं पाणी आटलंय."

बाईंनी मशीनच्या झाकणाकडं हात नेला. "मग पिल्लं?"

"दिवसाचं भ्या न्हाई. बाहेर बेचाळीस डिग्री हाय. झाकण उघडलं न्हाई तर ऊब टिकंल. पण रात्री बॅटरी चालली पायजे."

बाई मशीनजवळच खाली बसल्या. शिवकन्येला रागवायचं होतं, पण सासूचा चेहरा बघून तिचा राग विरला. ती शेजारी टेकली.

"मागल्या टायमाला दाजींनी ताटावर हात ठिवला होता का न्हाई?"

"ठिवला होता."

"त्यो डबा म्हंजी त्यो हात हाय. बॅटरी उपाशी असली की पोटभर घेऊ देतो, भरत आली की थोडं थोडं, भरली की निस्तं थेंब थेंब. त्याच्या वर वाढलं की तिचं बी दाजीवाणी होतं."

चार वाजता बॅटरी निवली. शिवकन्येनं तिच्यात डिस्टिल्ड वॉटर ओतलं, आधी बॅटरी डब्याला जोडली, मग पॅनल. मशीनचा दिवा लागला तेव्हा दोघींनी एकदमच श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळीही मशीनमधल्या उष्णतेचा काटा जागचा हलला नव्हता. बाईंनी डब्याला हळदकुंकू लावलं.

एकविसाव्या दिवशी धोंड्याचं जेवण. अंडी सोडून घरी जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून पंगत आखाड्यावरच बसली. लेक राजकन्या आणि शेषेराव उमरीहून आले. पाचव्या धोंड्याला शेषेरावांनी ताटावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटून घेतले.

बाईंचा हात मध्येच थांबला. "भरलं का?"

"भरलं, मामी."

बाईंनी धोंडा परत पातेल्यात ठेवला. राजकन्येनं उठून आईचं कपाळ चाचपलं, ताप आहे का बघायला.

तेवढ्यात आतून चिवचिव झाली. सगळे खरकट्या हातांनी आत धावले. मशीनच्या काचेपलीकडे एक ओलं पिल्लू कवच ढकलून उभं राहायला धडपडत होतं, आणि बाजूची चार अंडी टिचली होती. शिवकन्या हसत होती. बाई रडत होत्या, आनंदानं आणि सुटल्यासारख्या. संध्याकाळपर्यंत चोपन्न पिल्लं मोजून झाली.

पण ते नंतर. पहिल्या पिल्लानंतर सगळे पुन्हा पानावर बसले, तेव्हा शेषेराव जरा घुटमळले.

"मामी, अर्धा वाढता का?"

बाईंनी एक धोंडा बरोबर मधोमध मोडला. अर्धा जावयाच्या ताटात घातला. उरलेला अर्धा हातात धरून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी तो स्वतःच खाऊन टाकला.