पात्यावरची लाल रेघ

बाजारातून घरात नवी वस्तू आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, "केवढ्याला पडली?" ती टिकेल का, कोणाला इजा तर करणार नाही ना, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही. पवनीच्या जागेश्वर मिस्त्रीच्या घरीही चौऱ्याऐंशी सालच्या दसऱ्यापर्यंत हेच चालत होतं.

जागेश्वर दारं-चौकटी करायचा. घराच्या पडवीतच लाकूड चिरायची मशीन होती. टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल, दातेरी पातं गरगर फिरू लागलं की त्याची बायको चंद्रकांता आठ महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन मागच्या अंगणात जायची. भंडाऱ्याच्या कॉलेजात बी. ए. झालेली चंद्रकांता सगळ्यालाच भ्यायची. दुधात भुसा पडेल, नवऱ्याची बाही पात्यात अडकेल, सासूबाई ओल्या अंगणात घसरतील! तिचे डोळे सारखे कुठेतरी पहाऱ्यावर असत.

जुनं पातं पार झिजलं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जागेश्वर काखेत दुसरं पातं घेऊन हसतच घरात शिरला.

"पाह्य! बाबुलाल भंगारवाल्याकडून आणलं. नव्याच्या चौथाई भावात. दात बी साबूत आहेत!"

"पण चांगलं होतं तर पहिल्या मालकानं विकलं काहून?" चंद्रकांताने विचारलं.

"तुले त बाप्पा, पोरगी शिंकली तरी निमोनिया दिसते!"

सासूबाई, सत्यभामाबाई, त्याही पदराआड हसल्या.

दसऱ्याला सगळी औजारं धुऊन पाटावर मांडली. सत्यभामाबाईंनी पात्यावर ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली, झेंडू वाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिघोरीच्या एका घराच्या चौकटी चिरायच्या होत्या. चंद्रकांता पातं पुसायला बसली. कुंकू निघालं, पण एका दाताच्या मुळापासून आत गेलेली केसाएवढी लाल रेघ काही निघेना. तिने नखाने खरवडलं, रॉकेलचा बोळा फिरवला. रेघ तशीच!

"अवो, हे चढवू नका. चीर आहे यात, कुंकू आत मुरलं."

"कुंकू आहे ते. पूस अजून."

"पुसून पुसून माझं बोट लाल झालं. रेघ नाही गेली!"

जागेश्वरने वाकून पाहिलं. क्षणभर तो वरमला, पण लगेच म्हणाला, "काल पूजा झाली याची. पूजलेलं पातं आज बाजूले टाकाचं? अपशकून होते. देवी राखण करते."

नातीसाठी भात कुस्करत बसलेल्या सत्यभामाबाईंनी वाटी खाली ठेवली.

"राखण केली नं तिनं! रेघ दाखवली. आता का हात धरून सांगाले येईन?"

"माय, तुले मशीनचं काय समजते?"

"मशीनचं नाही समजत, माठाचं समजते. पाणी ठेवाचा माठ घ्याचा त मी टिचकी मारून घेतो. अन् तू? छातीसमोर फिरणारं लोखंड नुसता भाव ऐकून आणतो?"

बोलता बोलता त्यांनी जुनं पातं काठीला लटकवलं आणि लाटण्याने हलकेच ठोकलं. ठणऽऽ! आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला. मग बाबुलालकडचं पातं लटकवलं. थद्द! फुटक्या मडक्यासारखं.

जागेश्वरचा चेहरा उतरला. मशीन चालवताना तो याच पात्यासमोर तासन् तास उभा राहणार होता.

"बाबुलालले वापस देऊन येतो," तो पुटपुटला.

"मग बाबुलाल काय करेल त्याचं?" चंद्रकांताने विचारलं.

"काय करणार? विकेल दुसऱ्या कोण्या..." जागेश्वर मध्येच थांबला.

"त्या दुसऱ्याच्या घरी पण कोणी लेकरू घेऊन मागच्या अंगणात बसत असेल!" चंद्रकांता म्हणाली.

जागेश्वरने मुलीकडे पाहिलं. मग त्याने पातं दगडावर ठेवलं आणि घण उचलला. एकच घाव! त्या रेघेवरूनच तुकडा उडाला आणि खणकन भिंतीवर आपटला. फिरत्या मशीनवरून तो कुठे गेला असता, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

दोन दिवसांनी जागेश्वर भंडाऱ्याला गेला तो चंद्रकांताला सोबत घेऊनच. दुकानदार भय्याजींनी आधी एक चकचकीत परदेशी पातं दाखवलं. ते ऐपतीबाहेरचं होतं. मग सगळ्यात स्वस्त पुढे केलं.

"याले धार किती वेळा लावता येते?" चंद्रकांताने विचारलं.

"एकदा, लय झालं त दोनदा. पातळ आहे, तापलं की वाकते," भय्याजींनी कबूल केलं.

शेवटी निघालं एक काळपट, जाडसर, देशी पातं. न चमकणारं, पण कानशीने पुन्हा पुन्हा धार लावता येणारं.

"मधलं भोक थोडंसं मोठं आहे," भय्याजी म्हणाले. "मशीनच्या दांड्याले पत्रा गुंडाळा, चालते!"

"चालते नाही," या वेळी जागेश्वरच बोलला. "नेमकं बसणारं दाखवा."

तसं मिळालं. जागेश्वरने ते बोटावर लटकवून टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली.

"काय भाऊ, पातं घेऊन राहिले का माठ?"

"माठच समजा, भय्याजी. फक्त हा फुटला त पाणी नाही, रक्त सांडते!"

भय्याजी हसले. पण मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकानेही आपलं पातं हळूच उचलून वाजवून पाहिलं!

परतल्यावर जागेश्वर बाबुलालकडे गेला आणि तावातावाने नाही, समजावून सांगून आला की चीर गेलेलं पातं भंगारात आलं तर आधी तोडायचं. बाबुलालनेही ते मानलं.

बंधुभगिनींनो, ऐपतीप्रमाणे स्वस्त वस्तू घेण्यात काहीच कमीपणा नाही. पण दुकानदार फक्त भाव सांगेल, पारख आपणच करायची. घरातल्या कोणी शंका काढली तर हसण्याआधी एकदा वाकून पाहा. आणि जी वस्तू आपल्या घरात धोक्याची ठरली, ती शेजाऱ्याच्या दारी मुळीच पाठवू नका!