उणे तीन यार्ड

“तीन तास गाडी हाणत आलोय आम्ही, आणि हा आपला उभाच!” कठड्यावरून वाकून जोलीन ग्रिमस्टॅड मला म्हणाली. “आज तरी खेळवणार का हो त्याला?”

मला उत्तर द्यायची मुभा नाही. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू किती पुढे सरकला ते मोजायला मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी धरून उभे असतो ते आम्ही तिघे गावकरी. साखळीवाल्यानं कुणाची बाजू घ्यायची नाही, टाळी वाजवायची नाही, हूं की चूं करायचं नाही, असा नियम आहे. एरवी हॅल्व्हर गावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तिथं माझं तोंड बंद नसतं. शनिवारी दुपारी मात्र त्याला मीच खिळा ठोकतो. साखळीचं दुसरं टोक ल्यूथर क्विंटकडे. तो गावातल्यांचे अंत्यविधी करतो, त्यामुळे गप्प राहायची त्याला धंद्यातच सवय. तरी तो हळूच पुटपुटला, “सांग तिला, देवाची प्रार्थना कर. स्कारची करून उपयोग नाही.”

वेंडेल स्कार म्हणजे आमच्या कॉलेजचा कोच. आणि जोलीन ज्याच्याबद्दल विचारत होती तो तिचा मुलगा टोबी, आमचा दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक. चेंडू हातात येतो तो क्वार्टरबॅकच्या, आणि तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्यानं डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. टोबीनं चार वर्षांत असं एकदाही काही ठरवलं नव्हतं. त्याच्यापुढे आधी एक वरच्या वर्षाचा होता. तो गेल्यावर लुइझियानाहून केंडल फाँटेनो आला. त्याचा हात असा की चेंडू सुटल्यावर शिट्टीसारखा वाजतो. मग टोबीला कोण विचारतो?

तसं म्हटलं तर टोबीइतका चेंडू आमच्या कॉलेजात कुणीच फेकला नसेल. फक्त आमच्यासाठी नाही. दर आठवड्याला सरावात कुणीतरी शत्रू व्हावं लागतं. समोरच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक कसा उभा राहतो, कुठे बघतो, कसा फेकतो, हे टोबीनं शिकायचं आणि आपल्याच पोरांविरुद्ध तसं खेळायचं, म्हणजे शनिवारी पोरं गोंधळत नाहीत. एका आठवड्यात तो लंगडायचा, कारण पुढचा गडी लंगडत होता. एकदा तर डावखुरा झाला. त्या आठवड्यात जेवणघरातसुद्धा काटा डाव्या हातात धरून बसायचा आणि वाटाणे शेजारच्याच्या ताटात उडवायचा. सोमवार ते गुरुवार शत्रू, शुक्रवारी कुणीच नाही आणि शनिवारी कडेला उभा. हिशेब मांडला तर चार वर्षांत हा पोरगा सगळ्या कॉलेजांचा क्वार्टरबॅक होऊन चुकला होता, आपलं तेवढं सोडून.

आजचा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना त्यांच्या आईवडिलांसह मैदानात बोलावतात, आईला शेवंतीचं फूल देतात, नाव पुकारतात, लोक टाळ्या वाजवतात. टोबीचा बाप ऑर्लो आज पहिल्यांदाच आला होता. त्याचा दुधाचा गोठा आहे, आणि गाईंना शनिवार कळत नाही. आज चुलतभावाला दोहायला बसवून तो आला. मैदानात चालताना त्यानं बियाणं कंपनीची टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. टोबी हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. मी जवळच होतो. “खेळलो नाही तर रागावू नका,” तो बापाला म्हणाला. बाप म्हणाला, “मी हवा बघायला आलोय.”

हवा छान होती, खरं म्हणजे. ऊन, थंड वारा, आणि मागच्या बाजूला गाड्यांच्या डिक्या उघडून शिजत ठेवलेल्या मांसाचा वास. समोर कॉर्ड्रे कॉलेज. शेजारचंच, म्हणून जास्त खुपणारं. गेली बरीच वर्षं आम्ही त्यांच्याकडून हरत आलोय.

त्यातला एक पराभव तर आम्ही स्वतःच्या हातानं वाढून दिला होता. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सामना हातात, मिनिटभर उरलेलं. स्कारला दया आली. ब्रॅड हेन्के नावाचा शेवटच्या वर्षाचा पोरगा कधी खेळला नव्हता, त्याला आत पाठवलं. “फेक एकदा, आयुष्यभर सांगशील,” म्हणाला. ब्रॅडनं फेकला. कॉर्ड्रेच्या गड्यानं तो अलगद झेलला आणि पार टोकापर्यंत पळून गुण घेऊन गेला. आम्ही हरलो. ब्रॅड आता दुसऱ्या शहरात विमा विकतो, आणि बरा विकतो म्हणे. धोका म्हणजे काय हे लोकांना त्याचं तोंड पाहूनच कळत असावं. तेव्हापासून गावात कुणी नको तिथं दया दाखवली की म्हणतात, “स्कारगिरी करू नकोस.” स्कारनं तेव्हापासून कुणावर दया केलेली नाही. कुत्र्यावरही नाही.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही वीस, ते सतरा. चेंडू त्यांच्याकडे, आणि ते सरकत सरकत आमच्या अंगावर आलेले. जोलीननं शेवंतीच्या पाकळ्या खुडून खुडून संपवत आणल्या होत्या.

कॉर्ड्रेच्या क्वार्टरबॅकची एक खोड होती. लांब, आमच्या डाव्या कोपऱ्यात फेकायचं मनात आलं की तो आधी उजव्या हाताची बोटं चाटायचा. टोबी आठवडाभर सरावात तस्संच करत होता, इमानेइतबारे, चिखलाच्या बोटांनी. पोरं त्याला चिडवायची, “काय रे, केक कसा झालाय?” तो म्हणायचा, “साखर कमी पडली.”

आता तो गडी उभा राहिला आणि त्यानं बोटं चाटली. कडेवरून टोबी जिवाच्या आकांतानं ओरडला, “केक! लेव्ही, केक!”

मागच्या फळीतला लेव्ही ड्रॅगर वळूनही न बघता डाव्या कोपऱ्याकडे सुटला. चेंडू हवेत असतानाच तो तिथं पोचला होता. झेलला, छातीशी घट्ट धरला आणि गवतावर पालथा पडला, कोंबडी पकडताना कुणी पडावं तसा.

मैदान फुटलं! माझ्या हातातली साखळीच्या टोकाची काठी आपोआप वर गेली. पंच धावत आला. “साखळी खाली! पुन्हा असं केलंत तर घरी.” ल्यूथर शांतपणे म्हणाला, “याच्या हाताला झटका येतो, साहेब. मी बघतोय त्याच्याकडे, धंद्याच्या दृष्टीनं.”

घड्याळात मिनिटभर, चेंडू आमचा, आणि घड्याळ थांबवायची कॉर्ड्रेची मुभा संपलेली. अशा वेळी क्वार्टरबॅकनं एकच करायचं असतं. चेंडू घ्यायचा, एक पाऊल मागे व्हायचं, गुडघा जमिनीला टेकायचा. खेळ तिथंच थांबतो, घड्याळ पळत राहतं. दोनदा गुडघा टेकला की सामना संपला. शेंबडं पोरसुद्धा करील.

फाँटेनोनं डोक्यावरचं शिरस्त्राण घातलंच नाही. ते काखेत धरून तो स्कारसमोर जाऊन उभा राहिला.

“कोच, माझ्या पायात गोळा आलाय.”

“कुठल्या पायात?”

“तुम्ही सांगाल त्या.”

स्कारनं त्याच्याकडे बघितलं, मग टोबीकडे. मागे कठड्यावर गाव उभं होतं, आणि गावाला कुणकुण लागली होती. “टो-बी! टो-बी!” सुरू झालं. कुणीतरी ओरडलं, “फेकू द्या पोराला!” दुसऱ्यानं लगेच सुनावलं, “गप रे, हेन्के विसरलास काय?”

स्कारनं टोबीची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं. मी तीन हातांवर होतो. ऐकू नये म्हणून प्रयत्न केला असं म्हणणार नाही.

“जा,” स्कार म्हणाला.

“कोच, काय करू? टेकू की...”

“मला विचारू नकोस. मागं मी ठरवलं होतं, त्याची फळं अजून खातोय.” त्यानं नाक पुसलं. “तुझा बाप आलाय. तू चार वर्षं काय केलंस ते मला माहीत आहे. आत गेल्यावर क्वार्टरबॅक ठरवतो. फेकलंस तर मी तुझ्या मागे उभा आहे. टेकलास तरी आहे. चल, पळ.”

म्हणजे कुणावर दया न करणाऱ्या माणसानं ही केवढी मोठी केली बघा!

टोबी धावत आत गेला. पोरांनी खांद्याला खांदा लावून कोंडाळं केलं. आत काय झालं ते लेव्हीच्या मोठ्या भावानं, तो पुढच्या फळीत होता, नंतर माझ्या दुकानात खिळे घेताना सांगितलं. सगळे एकदमच बोलत होते. “फेक टोबी, मी मोकळा असेन.” “फेक, आम्ही तुला हात लागू देणार नाही.” एकानं तर आईची शपथ घातली. टोबीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आठवडाभर कॉर्ड्रेसाठीच फेकतोय मी. त्यांना आणखी एक फुकट देणार नाही. टेकतोय. नीट अडवा, हसू नका.”

ते हसलेच.

बाहेर मात्र कुणाला काही माहीत नव्हतं. जोलीननं डोळ्यांवर हात घेतले होते आणि बोटांतून बघत होती. ऑर्लो टोपी हातात घेऊन उभा. चेंडू टोबीच्या हातात आला. त्यानं एक पाऊल मागे घेतलं, आणि एक क्षण, खरंच सांगतो, त्याचा हात कानापर्यंत आला. समोर उजवीकडे आमचा गडी एकटाच, हात हलवत उभा. माझ्यासारख्या म्हाताऱ्यानंसुद्धा तो चेंडू पोचवला असता.

टोबीनं हात खाली घेतला आणि गुडघा टेकला.

गावातून एक मोठा “आऽऽ” निघाला. लग्नात अंगठी खाली पडल्यावर निघतो तसा. घड्याळ पळत राहिलं. दुसऱ्या वेळेला कॉर्ड्रेची पोरं चिडून आत घुसली, तेव्हा तो आणखी थोडा मागे सरकला आणि पुन्हा टेकला. यावेळी कुणी “आ” केलं नाही. घड्याळ शून्यावर आलं आणि सगळं गाव कठड्यावरून मैदानात सांडलं. फाँटेनोच्या पायातला गोळा चमत्कारानं बरा झाला होता. तोच सगळ्यांच्या पुढे धावला आणि त्यानं टोबीला उचललं. साखळीवाल्यांचं काम संपलं होतं. ल्यूथरनं काठी गवतावर ठेवली, कोटाची बटणं लावली आणि मग असा काही ओरडला की त्यानं इतकी वर्षं पोटात काय काय दाबून ठेवलं असेल, या विचारानं मी दचकलो.

थोड्या वेळानं ध्वनिक्षेपकावर आकडे वाचले गेले. फाँटेनोच्या फेकी, फाँटेनोचे यार्ड, लेव्हीचा झेल. टोबीचं नाव नाही. जोलीन तडक वर आकडेवाल्याच्या खोलीकडे निघाली, पण तो बिचारा कागद घेऊन खालीच येत होता.

“माझ्या मुलाचं नाव राहिलं,” ती म्हणाली.

“नाही हो बाई. घड्याळ संपवायला गुडघा टेकला तर ते मागे गेलेले यार्ड त्या खेळाडूच्या नावावर घालत नाहीत. नियम आहे. संघाच्या नावे लावतात. हे बघा. उणे तीन.”

“पण टेकला तर यानं ना?”

“अहो, उणे आहेत ते! पोराचं भलंच आहे त्यात.”

“उणे असू देत नाहीतर काही असू देत,” जोलीन म्हणाली, “त्याचे आहेत. त्याच्या नावावर लिहा.”

टोबी इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. “राहू दे गं आई. संघात मीही आहेच की.”

आकडेवाल्यानं खांदे उडवले. त्याला नियम मोडता येत नव्हता, आणि जोलीनकडे बघता येत नव्हतं. मग डिक्यांकडून कुणीतरी हाक मारली, गरम मांस आणि पाव तयार होते, आणि लोक तिकडे वळले. जोलीनही फाँटेनोच्या दंडाला धरून गेली. पायातल्या गोळ्यावर आपल्याकडे काय औषध करतात ते त्याला सांगत.

मी साखळी गुंडाळत होतो. मैदानात बाप आणि लेकच उरले होते.

“कुठं टेकलास?” ऑर्लोनं विचारलं.

टोबीनं त्याला नेलं आणि दाखवलं. दुसऱ्या वेळची जागा. ओलसर गवत तिथं दबून एका बाजूला सोललं गेलं होतं आणि खालची काळी माती दिसत होती.

ऑर्लो वाकून बघत राहिला. शेतकरी माणूस. उखडलेलं गवत दिसलं की पायानं दाबून बसवायची जन्माची सवय. त्याचा बूट उचलला गेला. मग तो तसाच हवेत थांबला, आणि ऑर्लोनं पाय हळूच बाजूला ठेवला.

“चल,” तो म्हणाला. “भूक लागली असेल तुला.”

आणि त्या जागेला वळसा घालून दोघं डिक्यांकडे गेले.