फळ्यांच्या पोटावरच्या तारखा

नाट्यगृह वाचवायचं तर त्याचं नाव वारसा यादीत घालायचं, ही टूम धाकट्यानंच काढली होती. धाकटा तिथला व्यवस्थापक आणि थोरला तिथला सुतार. तीस वर्षं त्या रंगमंचावर रंधा मारला म्हणून लोक थोरल्याला रंधादादाच म्हणत. नाव यादीत आलं की मालकाला इमारत पाडता येणार नव्हती. नाही आलं तर दोन महिन्यांत जमीनदोस्त. दोघा भावांनी सहा महिने खपून अर्ज लिहिला. लिहिणारा अर्थात धाकटा. रंधादादाला अर्ज म्हटलं की घाम फुटायचा.

तपासणीला बाई अधिकारी आल्या. सज्जा बघितला, खांब बघितले, खूश दिसल्या. मग म्हणाल्या, "रंगमंच मूळचा आहे असं अर्जात लिहिलंय."

"मूळचाच की," रंधादादा म्हणाला. त्याच्या लेखी ते खोटं नव्हतंच. यंदा दोन फळ्या कुजल्या, बदलल्या. पुढल्या वर्षी तीन. रंगमंच तोच.

बाईंनी बॅटरी काढली आणि कुणाला न विचारता विंगेमागची झडप उचलून तडक रंगमंचाखाली उतरल्या. रंधादादा झडपेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. बदललेल्या फळीच्या खालच्या अंगाला पेन्सिलीनं तारीख टाकायची, पुढच्या सुताराची पंचाईत नको, हे त्याच्या उस्तादानं शिकवलेलं. वरून कुणाला काही दिसायचं नाही. खाली काय लिहिलंय हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. बत्ती धरायला धाकटाच तर यायचा.

बाई जळमटं झटकत वर आल्या. "एकही फळी जुनी नाही. माहिती खोटी निघाली की अर्ज कायमचा बाद होतो, दादा. तारखांचं अक्षर तुमचंच ना? इथं सही करा."

सगळ्या फळ्या बदलल्याचा जबाब आधीच टाइप केलेला होता. खाली साक्षीदार म्हणून धाकट्याची सही होती, गेल्या सोमवारची.

रंधादादानं ती तारीख दोनदा वाचली. परक्यानं केलं असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. हा सख्खा भाऊ. रंधादादाला अर्जातली ती ओळ आठवली. 'मूळचा' हा शब्द धाकट्यानंच हट्टानं घातला होता.

"म्हणजे तू पहिल्यापासूनच मालकाच्या बाजूनं?" त्यानं विंगेत उभ्या धाकट्याला विचारलं.

"नव्या इमारतीत आपल्या दोघांना कायमची नोकरी आहे," धाकटा बुटांकडे बघत म्हणाला. "तुझे गुडघे गेलेत, दादा. तुला बसून काम देतील. तुझ्यासाठीच केलं."

"मग मला एकदा विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो."

"म्हणून नाही विचारलं."

रंधादादानं पेन घेतलं. तारखांचं अक्षर त्याचंच होतं, नाकारणार कसं? त्यानं सही केली आणि धाकट्याकडे न बघता बाईंना विचारलं, "या साक्षीदाराचं माझं नातं कुठं लिहिलं नाही ना? नसेल तर बरं झालं."