पुलावरचा काळोख

मित्रांनो, मी चेरीच्या लाकडाची एक जुनी फळी आहे. आज माझ्यावर एकही रेघ दिसत नाही, पण एके काळी माझ्या अंगावर अख्खा पूल होता.

जपानमधल्या एदो शहरातल्या हिकोजीने मला कोरले. बर्फाने झाकलेला पूल आणि त्यावर छत्री घेतलेली एक पाठमोरी बाई. आभाळ मात्र त्याने सपाटच ठेवले. आभाळाचा रंग, कागदावर चित्राचे ठसे काढणारा गेनपाची ओल्या फडक्याने माझ्यावर पुसत उतरवायचा. रीत अशी, की काळी पट्टी वरच्या कडेपाशीच विरून जावी. गेनपाचीने ती थेट बाईच्या छत्रीपर्यंत आणली.

चित्र हातोहात खपले आणि तिथेच घात झाला. लोक कुजबुजू लागले, की हा पूल राज्यकर्त्यांच्या किल्ल्याकडे जाणारा, आणि काळोख म्हणजे राज्य बुडणार. अशा चित्राची शिक्षा ठरलेली होती. कारागिराच्या हातांत बेड्या. हात अडकले की त्या घरची चूल विझायचीच.

सरकारी तपासनीस दारात आला तेव्हा मी भीतीने गारठून गेले. त्याने माझ्या आभाळावरून बोट फिरवले.

"फळीवर तर काहीच नाही. मग काळोख आणला कोणी?"

माझ्या कोऱ्या आभाळानेच गेनपाचीला पकडून दिले. मला तोंड असते तर खोटे बोलले असते. तेवढ्यात गेनपाचीची लेक ओतामी पुढे झाली.

"सरकार, चित्रातली ती बाई माझी आई आहे. मावशीच्या बाळंतपणाला त्या पुलावरून गेली, ती बर्फातच राहिली. आभाळ पुसायला घेतलं की बाबांचा हात थांबतच नाही."

तपासनीसाने चित्राची गुंडाळी केली.

"हे खरं कारण गावभर कोण सांगत बसणार? फळी तासून टाका," तो म्हणाला आणि निघून गेला.

हात वाचले. गेनपाचीने स्वतःच रंधा घेतला. आधी पूल गेला, मग बर्फ. बाई त्याने शेवटपर्यंत ठेवली. "घाबरू नकोस," तो म्हणाला. मला की तिला, कोण जाणे.

आता मी त्यांच्या तांदळाच्या पेटीचे झाकण आहे. दारात पावले वाजली की अजून दचकते. मित्रांनो, चित्रात काळोख दिसला तर तर्क लढवण्याआधी विचारा, त्यातून कोण चालले आहे. गेनपाची रोज मला ओल्या फडक्याने वरून खाली पुसतो, आणि छत्री होती तिथे त्याचा हात थांबतो.