बाबांच्या खोलीशेजारचा संडास

वीस वर्षं मी लोकांचे संडास जोडतोय. दुसऱ्या प्लंबरचं काम बघितलं की माझी जीभ काही गप्प बसत नाही, नावं ठेवतेच.

बाबांचे गुडघे पार गेले, तेव्हा अंगणातला संडास आम्हाला ठेवून मी फक्त त्यांच्यासाठी खोलीशेजारी वेगळा बांधला. एका सुट्टीत फरशी फोडली, कमोड बसवला, पाइप जमिनीखालून रस्त्याकडेच्या चेंबरला जोडला आणि सगळं बुजवून मोकळा झालो. उतार नुसत्या नजरेने धरला. घरचंच तर काम, लेव्हल कशाला लावत बसायची!

आठवड्यात कमोड तुंबला. मग परत तुंबला. तिसऱ्यांदा मी बायकापोरांसमोर बाबांवर डाफरलो, "बादलीभर पाणी ओतायला हात मोडतात का तुमचे? तुमची घाण किती वेळा काढायची मी?"

बाबा भिंत धरत खोलीत गेले. त्यानंतर महिनाभर कमोड तुंबला नाही. "बघ, दटावल्यावर कसं बरोबर कळतं," मी बायकोला ऐकवलं. हे बोललो होतो मी. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

परवा बाबा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगात पाणीच नाही. घरी आल्यावर बायकोने तोंड उघडलं, "चहा सोडलाय त्यांनी. पाणीही घोटभरच पितात. जेवण निम्म्यावर आणलंय. संडासला जावं लागू नये म्हणून. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला."

मी तसाच उठलो आणि फरशी फोडली. पाइपवर लेव्हल ठेवली. चेंबरकडचं टोक चांगलं दोन बोटं वर! टाकीच्या टाकी ओतली असती, तरी घाण मागेच राहिली असती.

संध्याकाळपर्यंत पाइप नव्याने बसवला. पाण्याचा तांब्या घेऊन बाबांच्या खाटेपाशी बसलो. मान वर होत नव्हती.

"बाबा, पाइपचा उतार मीच उलटा धरला होता. तुमची काही चूक नव्हती हो."

"असू दे रे. दमला असशील," एवढंच बोलले आणि तांब्या घटाघट रिकामा केला.

थोड्या वेळाने ते भिंत धरून उठले. संडासाच्या दारापाशी पोचले, कडीला हात घातला आणि थांबले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "आत जाऊ का रे?"